पेरूच्या लाकडाचा काळा पाइप

दुपारी दोनच्या सुमारास दत्तूमामांची इस्त्री थंड व्हायची. मग ते निखारे घमेल्यात काढायचे, पितळी इस्त्री विटेवर उभी करायचे आणि घमेल्याच्या उबेला बसून चार वाजेपर्यंत लाकूड कोरायचे. सांगलीतली आमची आळी त्या वेळी फळ्या लावून निजलेली असायची. कुठंतरी रेडिओ, कुठंतरी पाट्यावर खोबरं-लसूण वाटल्याचा आवाज, आणि आमच्या दुकानातून कानशीची खर्र खर्र. मामी आत भांडी विसळता विसळता म्हणायची, "लागला बाई उंदीर कुरतडायला." मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मी कॉलेजातून येऊन, भाकरी आणि मटकीची आमटी खाऊन, इस्त्रीच्या टेबलाखाली चादरींच्या गठ्ठ्यावर पुस्तक घेऊन बसलेली असायची. माझं पुष्कळसं गणित त्या आवाजात झालं. आजही कुणी लाकडावर कानस फिरवू लागलं की मला भूक लागल्यासारखं होतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आम्ही परीट. वाईला कृष्णेच्या घाटावर आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, धुण्याचं काम होतं. मामा तरुणपणी पलटणीत धोबी म्हणून गेले आणि परत आल्यावर सांगलीला दुकान टाकून बसले. पलटणीतून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, हिंदीत शिव्या द्यायची सवय आणि दुसरा, पाइप करायचा नाद. कुठल्याशा थंड डोंगरातल्या ठाण्यावर एक साहेब फावल्या वेळात आपले तंबाखूचे पाइप आपणच करायचा. कपडे पोचवायला गेलेले मामा बघत उभे राहायचे. एक दिवस साहेबानं त्यांच्या हातात कानस दिली, ती त्यांनी आयुष्यभर खाली ठेवली नाही. वर्षाकाठी तीन-चार पाइप व्हायचे. विकला त्यांनी एकही नाही. एक स्वतः ओढायचे, एखादा कुणाला द्यायचे, बाकीचे दुकानाच्या भिंतीला खिळ्यांवर टांगलेले असायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "ह्या चिलमी केवड्याला?" मामा म्हणायचे, "शर्ट केवड्याला ते इचारा."

साहेबाकडं विलायती लाकूड होतं, आमच्याकडं बाभळीची गाठ, चिंचेचा बुंधा नाहीतर पेरूचं खोड. मामा ते तासभर पाण्यात उकळायचे, चीक काढून टाकायचे आणि पोत्यात गुंडाळून माळ्यावर वर्षभर विसरून जायचे. तोंडात धरायच्या नळीसाठी म्हशीचं शिंग. सायकलचा आरा निखाऱ्यात लाल करून शिंगातून आरपार घालायचे, तेव्हा जळक्या केसांचा वास दुकानभर व्हायचा आणि मामी पदर नाकाला लावून ओरडायची, "आवं, गिऱ्हाइकाच्या धोतराला वास लागंल!" तंबाखूची वाटी आधी गिरमिटानं पाडायची, मग दांडीतून बारीक भोक असं न्यायचं, की ते वाटीच्या अगदी बुडाशी जाऊन मिळेल. ते एकदा चुकलं की लाकूड चुलीत. शेवटी मेण चोळायचं आणि फडक्यानं घासायचं. रंग कधीच नाही. "लाकडाला रंग लावायचा न्हाई," मामा म्हणायचे. "तापल्यावर त्यो रंग कुटं जाईल? वडणाऱ्याच्या नाकात."

हे वाक्य मी किमान दहा वेळा ऐकलं होतं. पुढं जे झालं त्याला माझ्याकडं एवढीही सबब नव्हती, की मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी सांगलीला आले ती जगताप सरांमुळं. सर कॉलेजात गणित शिकवायचे. एकटेच राहायचे आणि कपडे इस्त्रीला घेऊन स्वतः दुकानात यायचे. त्यांच्या पाइपची नळी तुटली होती ती मामांनी शिंगाची करून दिली, तेव्हापासून दोघांची मैत्री जमली. संध्याकाळी बाकावर दोन पाइप धुमसायचे, मधे भडंगाचा कागद. मामांनी त्यांना आपल्या भाचीचे बारावीचे गुण सांगितले. आण्णांच्या मनात तेव्हा माझ्यासाठी शिरवळच्या कारखान्यात लागलेला एक मुलगा होता. सर एस.टी.नं वाईला गेले. आण्णा पाण्यात उभे होते, म्हणून सर पँट दुमडून घाटाच्या पायरीवर बसले आणि तिथूनच म्हणाले, "तीन वर्षं मुलगी माझ्या हवाली करा. जबाबदार मी." आमच्या घाटावर प्राध्यापक माणूस बसलेला कुणी पाहिला नव्हता. आण्णा हातातलं धुणं तसंच धरून म्हणाले, "तुमी जबाबदार म्हणल्यावर आमी काय बोलणार गुरुजी? पन एक सांगून ठेवतो. तिच्या हातनं काय वावगं झालं, तुमच्या तोंडनं एक तक्रार आली, की त्याच गाडीनं म्हागारी. मग शिरवळ."

पहिलं वर्ष मी पास झाले. आमच्या घरात कॉलेजचं एक वर्ष पास झालेलं मी पहिलं माणूस. पण त्या वर्षातल्या प्रत्येक दिवशी ती एस.टी. माझ्यासाठी उभी आहे असं मला वाटायचं. फळ्यासमोर खडू मोडला तरी छातीत धडकी भरायची. सरांनी नुसतं "शोभा, जरा थांब" म्हटलं, की मी मनातल्या मनात पिशवी भरायला लागायची. थांबल्यावर ते पुस्तक द्यायचे एवढंच. आता इतक्या वर्षांनी मुलांना शिकवून झाल्यावर मला कळतं, की घाबरलेलं मूल मागच्या बाकावर कसं ओळखायचं. त्याची वही फार नीट असते.

पाइप करायला मी त्या वर्षी शिकले. आधी नुसतं मेण चोळायची, मग खरकागद, मग कानस. मामांनी कधी "पोरीच्या जातीनं" असं म्हटलं नाही. मामी मात्र म्हणायची, "शिका गं बाई शिका. लग्नात रुखवतावर लाडू-करंज्याच्या जागी चिलमी मांडू." शेजारच्या कमळाकाकू दारातून वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "वाईला कळलं म्हंजे?" त्या गमतीनं म्हणायच्या, पण मी कानस चादरीखाली लपवायची. आणि तरी सोडवत नव्हतं. गिरमिट फिरवताना लाकडाचा पिवळा भुगा पायावर पडायचा, त्या वेळी मला कुणाची भीती वाटत नव्हती. दिवसातले तेवढेच दोन तास.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये सरांचा जुना पाइप पडून फुटला. तो काळा कुळकुळीत होता, चकाकणारा. मामांनी त्यांना बाभळीचा तांबूस पाइप दिला. सरांना एक सवय होती. पाइप ओढताना मधेच ते वाटी नाकाच्या बाजूला, गालाला घासायचे. त्वचेच्या तेलानं लाकडाला तकाकी येते म्हणे. तसा तो तांबूस पाइप घासत ते म्हणाले, "चांगला आहे दत्तोबा. पण त्या काळ्याची सर नाही." सहज म्हणाले. माझ्या मनात मात्र ते रुतून बसलं. गुरुपौर्णिमा तीन आठवड्यांवर होती. माळ्यावर पेरूचं एक वाळलेलं खोड होतं, मामांनी मला सरावाला दिलेलं. मी ठरवलं, सरांना आपण काळा पाइप करून द्यायचा. मामांनाही न सांगता. मामा कापडं पोचवायला बाहेर पडले की मी बसायची. नळीसाठी त्यांनी पूर्वी करून ठेवलेलं शिंग घेतलं. भोक नेमकं बुडाशी जाऊन मिळालं, तेव्हा मी फुंकर मारून बघितली आणि एकटीच हसले.

आता काळा रंग. परटाच्या घरात काळा रंग शोधायला जावं लागत नाही. मामीच्या कोनाड्यात डबाभर बिब्बे होते. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सत्तर घरांचे कपडे ती कधी चुकली नाही. बिब्ब्याला सुई टोचायची, काळं तेल सुईच्या टोकावर यायचं आणि कपड्याच्या आतल्या कडेला ती खूण करायची. कुणाचे दोन ठिपके, कुणाची आडवी रेघ, सरांचं अधिकचं चिन्ह. खूण केली की लगेच वर ओला चुना दाबायची. चुना दाबला की खूण पक्की होते आणि बिब्बा मरतो. नाहीतर उततो, अंगावर फोड येतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. पण माहीत असणं वेगळं. मी तान्ही असल्यापासून आईच्या काळ्या बोटांनी दूध प्यायले होते. मामीला, मला, आमच्यात कुणालाच बिब्बा उतलेला मी पाहिला नव्हता. मी आधी एका फळकुटावर करून बघितलं. बिब्बा लावून चुना दाबला तर रंग राखट, मेलेला दिसला. चुन्याशिवाय लावला तर काळा कुळकुळीत, भिजलेल्या खडकासारखा. मी चुना लावला नाही. बावीस बिब्बे लागले. सगळ्या वाटीला, दांडीला मी बोटांनी तेल चोळलं, निखाऱ्याच्या उबेवर धरून मुरवलं, वर मेण दिलं. इतकी सुंदर वस्तू मी आयुष्यात केली नव्हती. खरं सांगायचं तर, नंतरही नाही.

गुरुपौर्णिमेला सरांच्या खोलीवर जाऊन मी पाया पडले आणि रुमालात गुंडाळलेला पाइप पुढं केला. सरांनी तो हातात घेतला. उजेडात फिरवून बघितला, नळीतून फुंकर मारली. "दत्तोबानं केला?"

"न्हाई सर, मी."

"तू?" त्यांनी चष्मा वर केला. "मग हा सावकाशीनं ओढायला हवा. उद्या कडेगावला चाललोय आक्काकडं, आठ दिवस. तिथं जोत्यावर बसून ओढतो."

मी दुकानावर आले ती रस्त्यानं चालत आले का कशी, मला आठवत नाही. असा आनंद मला त्या दिवशी झाला होता. तो दोनच दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मामांना चहा दिला. त्यांनी बशी घेतली आणि माझी बोटं धरली. टोकं काळी होती, नखांच्या कडेनं.

"कपडं तर मामी खुनावती. तुझी बोटं कशानं काळी?"

मी सांगितलं. आनंदानंच सांगितलं. मामा ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"चुना दाबलास?"

"चुन्यानं रंग जातो मामा. पण मेण लावलंय वरनं."

"मेण तापल्यावर ऱ्हातंय का?" बशी खाली ठेवताना चहा सांडला. "हातात धरणार, वाटी गरम व्हनार, त्यो नाकाला घासनार. आगं पोरी, काय केलंस ह्ये!"

मग त्यांनी मला पलटणीतली गोष्ट सांगितली, जी त्यांनी तोपर्यंत मामीलाही सांगितलेली नव्हती. एकदा चुना संपला होता, म्हणून त्यांनी एका नव्या साहेबाच्या कॉलरला नुसत्या बिब्ब्यानं खूण केली. दुसऱ्या दिवशी साहेबाची मान लाल. तिसऱ्या दिवशी फोड, आणि चेहरा असा सुजला की माणूस ओळखू येईना. "एक डोळा जाता जाता ऱ्हायला. म्हैनाभर दवाखान्यात हुता. म्या आठ दिस कोठडीत. आपल्याला काय व्हत न्हाई गं, आपलं रगत त्यात मुरलंय. परक्याला उतला म्हंजे त्यो माणूस फुलतो." आणि ते अगदी हळू म्हणाले, "ही तर कॉलर हुती. ह्येचा धूर आत जाणार."

मामी दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि चुन्याची पुडी बांधायला लागली.

कडेगावात सरांच्या बहिणीकडं फोन नव्हता. त्या दिवशीची शेवटची गाडी निघून गेली होती. त्या रात्रीबद्दल मी काही लिहिणार नाही. सकाळी पहिल्या एस.टी.त आम्ही बसलो. मामांनी पिशवीत चुन्याची पुडी, दोन नारळ आणि खोबरेल तेलाची बाटली घेतली होती. पाऊस भुरभुरत होता, गाडी भरलेली, पायाशी कुणाच्या तरी कोंबड्या. मला सारखं सरांचं तोंड दिसत होतं, पण ते सरांचं नव्हतं, मामांनी सांगितलेल्या साहेबाचं होतं. आणि मी हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. सरांसाठी मला जितकी भीती वाटत होती तितकीच स्वतःसाठीही वाटत होती. डोळा गेला तर. तक्रार गेली तर. आण्णा पाण्यातून बाहेर येऊन काय म्हणतील. शिरवळचा मुलगा मी पाहिलाही नव्हता. पण गाडीच्या काचेवर पावसाच्या थेंबात तोच दिसत होता.

विट्याच्या अलीकडं मामा म्हणाले, "ऐक. तू कायबी बोलू नगंस. नळी सैल बसलीया, दुरुस्त करून देतो, असं म्हणून म्या पाइप मागून घेतो. वडला नसला तर बरंच. वडला आसंल तर खोबऱ्याचं सांगतो. कुनाला कळायचं कारण न्हाई."

"आणि सरांनी इचारलं तर?"

"तर म्या केला म्हणंन. माझं काय जातंय?"

मी मान हलवली. मी "न्हाई मामा" म्हटलं नाही. मान हलवली.

घर सापडायला वेळ लागला नाही. दारात दोन-तीन माणसं होती आणि आतून बाईचा आवाज येत होता. सरांची थोरली बहीण, आक्का, उंच, पांढऱ्या केसांची, पदर खोचलेली. मामांनी ओळख सांगितली तशी म्हणाली, "या. बगा भावाचं काय झालंय त्ये. दोन दिस झालं. कुनी म्हणतंय नागीन, कुनी म्हणतंय काय चावलं. डाक्टरनं सुई दिली, उतार न्हाई."

मधल्या खोलीत सर पलंगावर होते. डावा गाल, नाक, ओठ सगळं सुजून एक झालं होतं. डोळे मिटलेले नव्हते, मिटले गेले होते. गालावर पाणी भरलेले फोड. उजवा तळहात कापडात गुंडाळलेला. श्वास घेताना घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तो आवाज अजूनही ओळखेन. पाइप खिडकीत होता. काळा, चकाकत.

मामा ठरल्याप्रमाणं म्हणाले, "आक्का, ह्येला खोबऱ्याचं दूध लावून बगा, लय गुन येतो. आन् त्यो पाइप जरा द्या. नळी सैल हाय, नीट करून देतो."

आक्कानं खिडकीकडं बघितलं आणि तिचा राग एकदम त्या पाइपवर गेला. "ह्योच! ह्येच्यानंच केलंय! पन्नास बार सांगितलं ह्येला, धूर वडू नगं, धूर वडू नगं. नळी नीट करताय व्हय? थांबा, म्याच नीट करते." तिनं पदरानं पाइप उचलला आणि परसदाराला चालू लागली. परसात आंघोळीचा बंब पेटलेला होता. तिची सून बंबापाशी वाकून फुंकणीनं जाळ करत होती.

मामा जागेवरच थिजले. माझ्या डोक्यात त्या वेळी काय काय आलं ते मला नीट आठवतं, कारण ते एका क्षणात आलं. पाइप जळाला की संपलं. काळा रंग जाईल, बिब्बा जाईल, कुणाला कधीच कळणार नाही. आणि त्याच क्षणी हेही, की बिब्ब्याचा धूर चुलीतून निघतो तेव्हा काय होतं. आमच्याकडं बिब्ब्याच्या झाडाचं लाकूड कुणी जळणात घेत नाही. ती सून वाकलेली होती, तोंड जाळापाशी.

"आक्का, जाळू नका!" मी धावले. "जाळू नका, त्येला बिब्बा लावलाय! धूर लागंल!"

आक्का बंबापाशी थांबली. सून फुंकणी टाकून मागं सरली.

"कुनी लावला?"

"म्या," मामा मागून म्हणाले.

"मी," मी म्हणाले.

आक्कानं आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग माझ्या हातांकडं. मग तिनं पाइप पदरासकट दगडावर ठेवला आणि इतक्या थंड आवाजात बोलली, की ओरडली असती तर बरं झालं असतं. "मास्तरची शिकणारी पोरगी तूच न्हवं? वाईची? ह्यो तुझ्या बापाच्या पाया पडून आला हुता, तुला शिकवायला." "उठू दे त्येला. मग बगते, तुझ्या बापाला काय कळवायचं त्ये. तवर हितनं हालायचं न्हाई. तू केलंस, तू निस्तर. जा, हात धू. खवणी कोनाड्यात हाय."

मामांनी पाइपवर चुना ओतला, कापडात बांधला आणि संध्याकाळच्या गाडीनं नेला. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याचं पुढं काय केलं हे मी कधी विचारलं नाही.

चार दिवस मी त्या घरात खोबरं खवलं. पिळून दूध काढायचं, कापूस बुडवायचा आणि सरांच्या गालावर, पापण्यांवर, तळहातावर हलक्या हातानं टेकवायचा. दर दोन तासांनी. डॉक्टरांना आक्कानं बिब्ब्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी औषध बदललं आणि तिला म्हणाले, "हे आधी कळायला हवं होतं." मी दाराआड उभी होते. दुसऱ्या दिवशी घशातली शिट्टी थांबली. पण डोळे उघडत नव्हते. सगळं सरांना ऐकू गेलं होतं, मी परसात ओरडले तेही, हे मला पक्कं माहीत होतं, कारण मी कापूस टेकवला की त्यांच्या कपाळावरची शीर हलायची. ते एक शब्द बोलले नाहीत. ओठ सुजले होते म्हणून, की माझ्याशी बोलायचं नव्हतं म्हणून? मी चारही दिवस तेवढाच विचार केला. आक्का मला जेवायला वाढायची, भाकरी, पिठलं, ताक, पण पाट मांडून झाल्यावर समोर बसायची नाही. मी गिळायची. रोज सकाळी उठल्याबरोबर पाय न वाजवता जाऊन मी त्यांच्या डाव्या पापणीकडं बघायची. मी तेव्हा देवाला फार काही मागितलं नाही. मला शिरवळला जाऊ दे, म्हटलं, पण हा डोळा उघडू दे. ते मी मनापासून म्हटलं होतं, हे आज सांगायला मला बरं वाटतं. गाडीत हलवलेल्या त्या मानेसमोर तेवढंच एक माझ्या बाजूनं आहे.

मंगळवारी सकाळी मी वाटीत दूध घेऊन गेले तेव्हा डाव्या डोळ्याला फट पडली होती. आत बुबुळ हललं. ते दाराकडं गेलं, आढ्याकडं गेलं आणि माझ्यावर येऊन थांबलं.

"आज वार कोणता?" सरांचा आवाज जाड, लडबडलेला होता.

"मंगळवार, सर."

"मंगळवारी प्रॅक्टिकल असतं ना तुमचं?"

"व्हय... हो सर."

"मग इथं काय करतेस?"

मागं आक्का येऊन उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच आवाज कडक केला. "ती कुटं जाती? तिच्या बापाला पत्र लिवायचं हाय न्हवं?"

"लिहायचं आहे," सर म्हणाले. बोलताना ओठ दुखत होता, म्हणून त्यांनी डोळा मिटून घेतला. "पहिल्या चाचणीचे गुण कळू देत. मग लिहितो."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली. "मेली कापतीया कशी! सांडशील त्ये. जा, भाकरी बांधून घे. दुपारची गाडी गावंल."

दुपारच्या एस.टी.त मला खिडकी मिळाली. विट्यापर्यंत मी रडले. विट्याला गाडी थांबली तेव्हा कंडक्टरकडून पेन मागून घेतलं आणि कागद नव्हता म्हणून डाव्या तळहातावर, मनगटापर्यंत, माझे बुडालेले तास एकाखाली एक लिहून काढले.